घरच्या सापासाठी उंदीर मारायची वेळ आली तर

बॉल पायथन असो की कॉर्न स्नेक, साप पाळला की उंदीर आला. पोर्‍यांच्या हट्टापायी घरात साप आणलेल्या इथे अमेरिकेतल्या कितीतरी मराठी आईवडिलांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं आणि मग घरात खल सुरू होतो. जिवंत उंदीर टाकीत सोडायचा का? मेलेला आणायचा का? की दोन उंदीर पाळून घरच्या घरीच सोय करायची? या तिसऱ्या पर्यायाबद्दल मला वरचेवर विचारणा होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उंदीर म्हणताना छोटा माऊस आणि मोठा रॅट दोन्ही धरलेत. जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगेन.

आधी कायद्याचं. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या अनुभवावरून. इथे बॉल पायथन पाळायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत आणि कॉर्न स्नेक तिथला स्थानिक असल्यामुळे तोही त्यात येतो. ब्रिटनमध्ये २००६ चा प्राणी कल्याण कायदा प्राण्याला अनावश्यक यातना देणं गुन्हा मानतो, मात्र योग्य आणि दयाळू पद्धतीने जीव घेण्याला त्यातून वगळतो. म्हणजे ‘कसं’ मारलं याला तिथे कायद्याचंच वजन आहे. भारतातून वाचत असाल तर धामण, नाग, अजगर यांपैकी काहीही घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी प्रजातींसाठीही आता नोंदणीचे नियम आहेत. ते आधी बघा, उंदरांचं नंतर.

जिवंत उंदीर का नको

‘जंगलात कोण मारून देतं त्याला?’ असं हमखास विचारलं जातं. जंगलात उंदराला पळायला जागा असते आणि सापालाही. काचेच्या टाकीत दोघंही अडकलेले असतात. साप भुकेला असेल तर प्रकरण लवकर मिटतं, पण बॉल पायथन हा उपास करणारा प्राणी आहे. महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतो. अशा सापापाशी रॅट रात्रभर सोडला तर भूक उंदराला लागते आणि तो सापालाच कुरतडायला लागतो. पाठीची कातडी, मांस, खालचा कणा उघडा पडेपर्यंत. साप प्रतिकार करत नाही, गुंडाळी करून पडून राहतो. अशा जखमा भरायला महिने लागतात, काही साप दगावतात. उंदराच्या बाजूने बघाल तर शिकाऱ्याच्या वासात तासन्‌तास कोंडलेलं राहणं हे काही सुखाचं मरण नव्हे.

हिशेब करा, मग ठरवा

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एक रॅट पुरतो. वर्षाचे वीस-पंचवीस. रॅटच्या मादीचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात. म्हणजे दोन-तीन वेतांत एका सापाचं वर्ष भागतं. एवढ्यासाठी बारा महिने उंदरांची घाण काढायची, दाणापाणी बघायचं, वासावरून घरच्यांची बोलणी खायची, वर उंदीर मारायला लागणाऱ्या वायूच्या सिलिंडर नि रेग्युलेटरचा खर्च! एक-दोन साप असतील तर सरळ गोठवलेले उंदीर मागवा. ते वजनाप्रमाणे, साफ, पाकीटबंद मिळतात. घरी मारण्याला अर्थ येतो तो आठ-दहा साप असतील तर, किंवा एखादा साप गोठवलेल्याला तोंडच लावत नसेल आणि त्याला ताजा मारलेला द्यावा लागत असेल तर.

घरात पिंजरा लावून पकडलेला उंदीर मात्र कधीच नको. त्याने शेजारच्या गॅरेजमधलं विष खाल्लेलं असू शकतं आणि ते विष त्याच्या पोटातून तुमच्या सापाच्या पोटात जातं. शिवाय जंत, पिसवा वेगळ्याच. आजारी दिसणारा पाळीव उंदीरही सापाला घालू नका.

कोणत्या पद्धती बाद

इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण ‘माझ्या मित्राने असं केलं, काही झालं नाही’ छापाचे सल्ले फार फिरतात. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन, म्हणजे एव्हीएमए, प्राण्यांना दयामरण देण्याच्या पद्धतींवर मार्गदर्शक तत्त्वं काढते. मी ज्याच्या आधाराने लिहितोय ती २०२० ची आवृत्ती.

जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये ठेवणं: नाही. ‘गारठून झोप लागते’ ही समजूत आहे. शुद्धीत असलेल्या जनावराला घरच्या फ्रीझरमध्ये हळूहळू गोठवणं दयाळू धरलं जात नाही, मग ते बिनकेसाचं पिल्लू का असेना.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा: नाही. वायू तोच, कार्बन डायऑक्साइड, पण त्याच्या वेगावर तुमचा ताबा नसतो. आधी भसकन येतो, मग थांबतो. डब्यातलं प्रमाण अर्धवट राहतं, उंदीर गुदमरतो पण मरत नाही. ड्राय आइसचंही तेच, वर त्याच्या गारठ्याने भाजल्यासारखी इजा होते. वायू दाबाखालच्या सिलिंडरमधूनच आला पाहिजे, असं एव्हीएमए स्पष्ट सांगते.

पाण्यात बुडवणं, गाडीचा धूर, पिशवीत घालून भिंतीवर आपटणं याबद्दल लिहायची गरज नसावी, पण लिहितो: नाही, नाही आणि नाही.

गुंगीची किंवा झोपेची औषधं: हीसुद्धा नाहीत. पशुवैद्य पाळीव कुत्र्या-मांजरांना शेवटची सुई देतात त्यातलं पेंटोबार्बिटल मेलेल्या शरीरात टिकून राहतं. असा उंदीर गिळला तर सापावरही तीच पाळी येऊ शकते. सापाला घालायचा उंदीर औषधाने मारायचा नसतो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

मान निखळवणं, म्हणजे मणका कवटीपासून झटक्यात वेगळा करणं, ही पद्धत सरावलेल्या हातात खरोखर जलद आहे. माऊस आणि २०० ग्रॅमपर्यंतचे रॅट यांच्यासाठीच ती वापरतात, मोठ्या रॅटची मान भक्कम असते. पण ही वाचून शिकायची गोष्ट नाही. अर्धवट झटका बसला तर जनावर जिवंत, शुद्धीत आणि लुळं राहतं. एखाद्या जाणकार पशुवैद्याने किंवा प्रयोगशाळेत प्राणी हाताळणाऱ्याने समोर उभं राहून शिकवलं, आणि आधी मेलेल्या उंदरांवर हात बसवला, तरच या वाटेला जा.

मग नवख्यासाठी उरतो सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड.

कार्बन डायऑक्साइड: त्याची खरी बाजू

‘उंदराला कळतसुद्धा नाही, शांत झोपून जातो’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उंदरांना हा वायू नकोसा वाटतो. नाकाच्या आणि डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळून त्याचं आम्ल होतं आणि प्रमाण जास्त असेल तर ते झोंबतं. सोडा वॉटरचा मोठा घोट नाकात गेला की जे होतं, ते आठवा. म्हणूनच सगळी मदार वायू सोडण्याच्या वेगावर आहे. फार जोरात सोडला तर शुद्ध जाण्याआधीच झोंबायला लागतं. फार हळू सोडला तर धाप आणि घाबरण्याचा काळ लांबतो. डबा आधीच वायूने भरून त्यात उंदीर टाकणं तर सर्वांत वाईट.

एव्हीएमएने ठरवलेला वेग असा: दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के. जुन्या लेखांत १० ते ३० टक्के दिसेल, ती आधीची शिफारस होती.

आता गणित. डब्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा, लिटर मिळतील. ४० बाय २५ बाय २० चा डबा म्हणजे २० लिटर. त्याला मिनिटाला ६ ते १४ लिटर वायू हवा. मधला आकडा धरा, साधारण ९-१०. अमेरिकेतले बरेचसे मीटर लिटर दाखवत नाहीत, ताशी घनफूट दाखवतात. १ घनफूट प्रति तास म्हणजे सुमारे ०.४७ लिटर प्रति मिनिट. म्हणजे काटा २० वर ठेवला की मिनिटाला साडेनऊ लिटरच्या आसपास वायू जातो. हा आकडा पट्टीवर लिहून डब्यालाच चिकटवा. त्या वेळी डोकं चालवायला लागू नये.

सामान

पाच पौंडांचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घरी बिअर बनवणाऱ्यांच्या दुकानात किंवा वेल्डिंगवाल्याकडे मिळतो आणि रिकामा झाला की तिथेच भरूनही मिळतो. त्यावर रेग्युलेटर आणि प्रवाह दाखवणारा फ्लोमीटर. नुसता रेग्युलेटर दाब दाखवतो, आपल्याला प्रवाह हवाय, त्यामुळे फ्लोमीटरवर पैसे वाचवू नका. मीटर कार्बन डायऑक्साइडसाठीच आखलेला असावा, आर्गॉनचा चालवून घेऊ नये. एक नळी. झाकण घट्ट बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. वायू आत यायला एक भोक आणि हवा बाहेर जायला झाकणात एक छोटं भोक. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खालून साचत जातो आणि हवा वरून निघून जाते. नळीचं तोंड जनावरांच्या अंगावर रोखलेलं नको. वायू गार असतो, फुत्कार करत येतो आणि उंदीर दचकतात. नळीच्या टोकाला मत्स्यपेटीतला हवेचा दगड लावला की आवाज बराच कमी होतो.

जागा: उघडं अंगण किंवा दार वर केलेलं गॅरेज. तळघरात कदापि नाही. तो वायू तळाशी साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेतलं त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ते माणसाच्या जिवाला तत्काळ धोका समजतात. डोकं दुखायला किंवा धाप लागायला लागली तर सगळं सोडून बाहेर या. सिलिंडर नेहमी उभा आणि भिंतीला बांधलेला. आडवा झाला तर द्रवरूप वायू बाहेर येतो आणि कातडी जाळतो.

प्रत्यक्ष कृती

उंदीर त्यांच्या नेहमीच्या पिंजऱ्यातून शक्य तितकं कमी हाताळा. त्यांचा राहायचा डबाच झाकण बदलून वापरता आला तर सर्वांत उत्तम. वेगळा डबा वापरत असाल तर तळाशी त्यांच्याच घरट्यातला थोडा भुसा पसरा. एकत्र वाढलेले उंदीर एकत्र ठेवा. अनोळखी नर एका डब्यात घातलेत तर शेवटची दोन मिनिटं त्यांची मारामारीत जातील. गर्दी करू नका, प्रत्येकाला चारही पाय टेकून उभं राहता यावं. दिवा मंद, टीव्ही-गाणी बंद, कुत्रं दुसऱ्या खोलीत.

झाकण लावा. एक-दोन मिनिटं त्यांना हुंगाहुंगी करू द्या. मग वायू सुरू करा, काटा तुम्ही लिहून ठेवलेल्या आकड्यावर आणा आणि तिथून हलू नका. फोन खिशात ठेवा. बघत राहायचंच आहे, कारण काही चुकलं तर ते तुमच्याच नजरेला पडणार.

सुरुवातीला हालचाल वाढते, नाकं वर होतात. मग श्वास खोल आणि जलद होतो. थोड्या वेळात चाल अडखळते, एखादा कुशीवर कलंडतो आणि परत उठू शकत नाही. इथे शुद्ध हरपते. यानंतर आचके येतात, पाय झाडले जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तेच सर्वांत भयंकर वाटतं, पण तोवर जनावर बेशुद्ध झालेलं असतं. याच क्षणी घाबरून झाकण उघडणं हा मोठा घात. अर्धवट शुद्धीवर येणाऱ्या उंदराला सगळं पुन्हा पहिल्यापासून भोगावं लागतं. शेवटच्या उंदराचा श्वास थांबल्यावर घड्याळ लावा आणि निदान एक मिनिट वायू चालू ठेवा. मी वायू बंद केल्यावरही झाकण दहा मिनिटं तसंच ठेवतो. घाई कसली आहे?

मग सिलिंडरची मुख्य झडप बंद करा, डबा उघड्यावर उघडा आणि प्रत्येक उंदीर वेगवेगळा तपासा. छाती हलतेय का, दोन बोटांमध्ये छाती धरून ठोके लागतात का, कापसाच्या काडीने बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, मागच्या पायाचं बोट चिमटल्यावर पाय आखडतो का. चारांपैकी कुठेही शंका आली तर झाकण परत लावा आणि पुन्हा वायू सोडा. ‘मेला असेल’ म्हणून एकही फ्रीझरमध्ये जाता कामा नये.

पुढची तुकडी लगेच घ्यायची असेल तर डबा आधी धुऊन, पुसून, हवेशीर करा. आधीच्या घाबरलेल्या उंदरांच्या मुताचा वास पुढच्यांना कळतो, आणि तळाशी साचलेला जड वायू काढला नाही तर आपणच ‘भरलेल्या डब्यात’ उंदीर टाकल्यासारखं होतं.

पिंक्यांचा प्रश्न

नुकती जन्मलेली गुलाबी, बिनकेसाची पिल्लं, सगळे त्यांना पिंकी म्हणतात, ती या वायूला दाद देत नाहीत. आईच्या पोटात कमी ऑक्सिजनवर राहायची सवय असल्याने पहिले दहाएक दिवस त्यांचं शरीर गुदमरणं सहन करत राहतं. एव्हीएमएच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना ५० मिनिटांपर्यंत वायूत ठेवावं लागू शकतं. मोठ्या उंदरांसोबत पाच-दहा मिनिटांत काढलेलं पिल्लू निपचित दिसतं आणि थोड्या वेळाने तळहातावर पाय हलवायला लागतं. हे खरंच होतं, आणि फ्रीझरमध्ये झालं तर तुम्हाला कळणारही नाही.

म्हणून पिंकी आणि फझी (नुकती लव फुटलेली पिल्लं) घरी मारू नका असंच मी सांगेन. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला लागतात त्या गोठवलेल्याच आणा. घरच्या वेतातली पिल्लं मोठी होऊ द्या, दूध सुटल्यावर बघा.

साठवण

मेलेले उंदीर उघड्यावर तासन्‌तास ठेवू नका. पोट लवकर फुगतं. वजन करा, एका थरात पिशवीत ठेवा, हवा दाबून काढा, पिशवीवर तारीख आणि ग्रॅम लिहा. उणे १८ अंशांवर सहा महिने तरी ते चांगले राहतात. सापाच्या शरीराचा जिथे सर्वांत जास्त घेर असेल, साधारण तेवढ्या जाडीचा उंदीर निवडायचा. म्हणून वजनाची चिठ्ठी कामाची.

आता घरातलं राजकारण. श्रीखंडाचा डबा, मटारची पिशवी आणि उंदीर एका फ्रीझरमध्ये सुखाने नांदणार नाहीत आणि नांदूही नयेत. गोठवल्याने सालमोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, मरत नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून सालमोनेलाच्या शेकडो रुग्णांचा माग काढता काढता तपास अमेरिकेतून आयात केलेल्या, सापांना घालायच्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोचला होता, आणि त्यात लहान मुलंच जास्त होती. वेगळा छोटा फ्रीझर घ्या. ते जमणारच नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. त्याची भांडी, चिमटा, बादली स्वयंपाकघराबाहेर. पाच वर्षांच्या आतली मुलं आणि भारतातून सहा महिने राहायला आलेले आईबाबा या कामापासून लांब. आईंना फ्रीझरमध्ये काय आहे ते आधी सांगून ठेवलेलं बरं, स्वतः शोधून काढलं तर जास्त महागात पडतं.

सापाला देताना

ताजा मारलेला उंदीर दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत ठेवून देता येतो. गोठवलेला आदल्या रात्री बंद पिशवीसकट त्याच वेगळ्या डब्यात घालून फ्रिजच्या तळच्या कप्प्यात उतरवा, आणि देण्याआधी पिशवी चाळीसेक अंशांच्या पाण्यात बुडवा. माऊसला वीस मिनिटं पुरतात, रॅटला जास्त. मायक्रोवेव्ह वापरू नका, उंदीर बाहेरून शिजतो, आतून गोठलेला राहतो आणि कधीकधी फुटतो. पोट दाबून बघा, मध्ये गारगोटीसारखं लागलं तर परत पाण्यात. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे उंदराचं डोकं अंगापेक्षा जरा जास्त ऊन असलं तर तो चटकन झडप घालतो. कोरडा पुसा, लांब चिमट्याने कमरेजवळ धरा आणि डोकं सापाकडे ठेवून हलकेच हलवा. हाताने देऊ नका, त्याला तुमच्या हाताची ऊबही कळते.

गिळल्यावर दोन दिवस सापाला उचलायचं नाही, नाहीतर ओकून टाकेल. घेतलाच नाही तर उंदीर टाकीत ठेवून दिवे घालवा आणि निघून जा. लाजाळू साप रात्रीत उचलतात. सकाळी तसाच पडलेला दिसला तर दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, परत गोठवू नका, आणि आठवडाभर पुन्हा विचारू नका.